कॉलेजातल्या लैंगिक छळ प्रतिबंध सेलचं काम गळ्यात पडलंय, सुरुवात कुठून करू? (नागपूर)

तर्रीवाली_मॅडम
नमस्कार मंडळी. मी नागपुरात पीजीला शिकवते, संस्थेचं नाव सांगत नाही, आपलं शहर केवढं ते तुम्हाला माहीतच आहे, धरमपेठेत शिंकलं तर सदरला कळते. तर लैंगिक छळ रोखायचा कार्यक्रम आणि ज्यांच्यासोबत असं काही घडलं त्यांना मदत, असं दोन्ही मिळून एक युनिट सुरू करायचं ठरलं आणि प्रमुख म्हणून माझ्या नावाची ऑर्डर निघाली. सोबत जुनी फाईल मिळाली. त्यात आठ मार्चचे फोटो, पाहुण्यांचं शाल-श्रीफळ आणि दरवर्षीचा अहवाल, "तक्रारी निरंक". इतकी होस्टेलं, गडचिरोली-गोंदियाहून पहिल्यांदा घर सोडून आलेल्या पोरी, आणि निरंक? वाचूनच पोटात गोळा आला.
मुली येतात हो बोलायला, पण "मॅडम तक्रार नाही करायची, कोणाला सांगू पण नका" एवढं म्हणून निघून जातात. वरून ऑफिसचं म्हणणं की आपसात मिटत असेल तर मिटवा, कॉलेजचा दर्जा ठरवणारी नॅकची टीम यायची आहे. आता मी समुपदेशन करू, चौकशी करू, की पोस्टर लावत फिरू? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा प्लीज.

बाहेरची_मेंबर
मॅडम, मी काही कॉलेजांच्या अंतर्गत समितीवर (अशा तक्रारींची चौकशी करणारी) संस्थेकडून बाहेरची सदस्य म्हणून बसते, त्यामुळे जरा स्पष्टच लिहिते. ऐकून घेणारा माणूस आणि चौकशी करणारा माणूस एकच ठेवू नका. समितीला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात, साक्षीदार तपासावे लागतात, ते अर्धं कोर्टच असते. तुम्ही महिनाभर त्या मुलीजवळ बसून तिला धीर दिला, होस्टेलची रूम बदलून दिली, आणि मग तुम्हीच अध्यक्षाच्या खुर्चीत बसल्या तर समोरच्याचा पहिला आक्षेप हाच येणार की मॅडम आधीपासून तिच्या बाजूने आहेत. अपिलात सगळं उडते आणि भोगते ती मुलगी. त्यामुळे मदत युनिट तुम्ही सांभाळा, अंतर्गत समितीची अध्यक्ष दुसरी कोणी असू द्या.
आणि एक, तुम्ही विभागप्रमुख तर नाही ना? यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१५ चं विनियम काढून वाचा. कुलगुरू, कुलसचिव, डीन, विभागप्रमुख असे लोक समितीवर चालतच नाहीत. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक, सोबत दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी, तेही निवडून आलेले, विभागप्रमुखाने बोट दाखवून उचललेले नाही. निम्म्या तरी बायका पाहिजेत. बहुतेक ठिकाणी हे कागदावर असते आणि विद्यार्थ्यांच्या जागा रिकाम्या असतात.
"आपसात मिटवा" हे तर ऑफिसला म्हणताच येत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात तडजोड आहे, पण तिची मागणी तक्रारदार बाईने स्वतः केली तरच, आणि पैसे देऊन तर नाहीच नाही.

हायकोर्टाजवळचा
वरच्या ताईंशी सहमत, कायद्याचं थोडं जोडतो. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, प्रकार वारंवार झाला असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. परिस्थितीमुळे जमलं नसेल तर समिती कारण लिहून अजून तीन महिने देऊ शकते. पोरी परीक्षा होऊ दे, रिझल्ट लागू दे करत थांबतात आणि मुदत निघून जाते, म्हणून तक्रार करायचा आग्रह नको पण तारीख तिला पहिल्याच भेटीत सांगा. पोलिसात जायचा रस्ता वेगळा आहे, त्याला ही तीन महिन्यांची अट नाही.
दुसरं, "कोणालाच सांगणार नाही" असा शब्द देऊन बसू नका. फर्स्ट इयरला कितीतरी मुली सतराच्या असतात आणि अठराच्या आतलं प्रकरण कळलं की पोक्सोखाली (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिने तोंड उघडायच्या आधीच सांगा की कुठवर गुप्त ठेवता येईल, मग ती ठरवेल किती बोलायचं.
बलात्काराचं प्रकरण असेल तर सरकारी मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटलला न्या, खासगीत न्या, उपचार मोफत द्यावेच लागतात, बीएनएसएस (नवी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३९७. एफआयआर आणा मग पाहू असं कोणी म्हणू शकत नाही. पण हॉस्पिटल पोलिसांना कळवते हे पण तिला आधीच माहीत पाहिजे. एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागते, त्यामुळे प्राचार्यांना विचारून येतो वगैरे प्रकार नको. कपडे धुवायचे नाही, कागदी पिशवीत ठेवायचे, प्लास्टिकमध्ये नाही.
आणि ट्रेनिंग घ्याल तेव्हा दिल्ली-मुंबईची उदाहरणं कशाला, आपल्याच भागातलं मथुरा नावाच्या मुलीचं प्रकरण सांगा. १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं, आदिवासी मुलगी, ठाण्यातच बलात्कार, आरोपी पोलीस. सेशन्सने सोडलं, आपल्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती असा एकंदर सूर. त्यावर चार कायद्याच्या प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. आजही स्टाफरूममध्ये "मग ती ओरडली काहून नाही" असं विचारणारे आहेतच.

रिसर्चवाली_पोरगी
मी पीएचडी करून राहिली, म्हणून आमच्या बाजूचं सांगते. तुम्ही लोक होस्टेल आणि कॅन्टीनचा विचार करता, आमचा सगळा जीव गाईडच्या सहीत अडकलेला असतो मॅडम. फेलोशिपचा कागद, प्रोग्रेस रिपोर्ट, थिसिस सबमिशन, सगळीकडे त्याचीच सही. तक्रार केली तर पाच वर्षं पाण्यात. चौकशी चालू असताना त्या माणसाला तिच्या कामाचं मूल्यमापन करू न देण्याची सोय नियमात आहे म्हणतात, पण आम्हाला कधी कोणी सांगितली? गाईड बदलून मिळते, कोणाकडे अर्ज द्यायचा, किती दिवसात, हे लिहून डिपार्टमेंटच्या बोर्डावर लावा, त्याने जे होईल ते दहा सेमिनारने नाही होणार.
अन तुमची खोली कुठे दिली ते पण पाहा. आमच्याकडे सेलची खोली अकाउंट सेक्शनला लागून आहे, दारात गेलं की पूर्ण लाईन वळून पाहते. बोलायला पण साधी भाषा ठेवा, समोरून "संबंधित घटनेचा तपशील सादर करा" आलं की पोरगी गप्पच होते.

गोकुळपेठी_भाऊ
सगळं बरोबर आहे, पण खोट्या तक्रारींचं काय? मुलांनी कुठे जायचं?

बाहेरची_मेंबर
भाऊ, मुद्दाम खोटी तक्रार केली तर कारवाईची तरतूद आहे. पण पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी, असं होत नाही, हेही कायद्यातच लिहिलंय. आणि मुलांचं म्हणाल तर यूजीसीच्या विनियमात पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही उल्लेख आहे. रॅगिंगच्या नावाखाली मुलांसोबत होस्टेलात काय काय होते ते तुम्हालाही माहीत असेल.

तर्रीवाली_मॅडम
सगळ्यांचे आभार. विभागप्रमुखाचा चार्ज आहे ना माझ्याकडेच! म्हणजे समितीतून मी तशीच बाद, उद्याच पत्र देते, फक्त मदतीचं काम ठेवा म्हणून. गाईड बदलाचा अर्ज मसुदा म्हणून करून घेते, रिसर्चवाली, तू एकदा नजर टाकशील का? खोलीसाठी लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर बघते, तिथे कोण कशाला आलंय कळत नाही. आता प्रश्न विद्यार्थी प्रतिनिधींचा. निवडणूक म्हटलं की संघटना उतरणार, पॅनल पडणार, गेटवर ढोल वाजणार. कोणाच्या कॉलेजने ही निवडणूक धडपणे घेतली असेल तर कशी घेतली ते सांगा.