शब्दचर्चा : 'डिलॅमिनेशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ट्रॅव्हल ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) भिंतीची माहिती मराठीत लिहितो आहे. बाहेर फायबरग्लासचा पत्रा, त्यामागे पातळ प्लाय, मध्ये ॲल्युमिनियमची चौकट आणि थर्माकोल, आतून पुन्हा प्लाय. सगळं गोंदाने एकजीव केलेलं. पत्रा सुटतो त्याला 'पोपडे येणे' चालेल का? आणि 'ओपन टाइम'ला काय म्हणू?

प्रतिसाद : पोपडे नकोत. ते रंगाला, गिलाव्याला येतात आणि गळून पडतात. इथे पत्रा जागीच फुगतो. सुतारकामातलं 'पदर सुटणे' घ्या, पण कोणता पदर सुटला तेही लिहा, कारण दुरुस्ती त्यावरच ठरते. पत्र्याच्या पाठीला लाकडाचे तंतू दिसले तर गोंद शाबूत आहे, प्लायच फाटला आहे. बहुतेक वेळा खिडकीच्या किंवा छताच्या सांध्यातून पाणी शिरलेलं असतं. अशा वेळी भोक पाडून नुसता गोंद भरला तर तो कुजक्या लाकडालाच चिकटतो आणि फुगा पुन्हा येतो. आधी गळती बंद करायची, मग प्लाय वाळवायचा किंवा बदलायचा. पाठ स्वच्छ निघाली तर आसंजन (गोंदाची पृष्ठभागावरची पकड) तुटलं : पृष्ठभाग तेलकट होता किंवा दाब उशिरा दिला. गोंद मधोमध फाटून दोन्हीकडे राहिला तर संसक्ती (गोंदाची स्वतःतली पकड) तुटली. हे दोन पारिभाषिक शब्द इथे खरोखर कामाचे आहेत.

प्रतिसाद : 'ओपन टाइम'साठी 'जोडमुदत' सुचवतो : गोंद लावल्यापासून जोड बसवेपर्यंतची कमाल मुदत. 'वाळण्याचा वेळ' लिहिलंत तर अर्थ उलटा होईल. शिवाय एकघटकी पॉलियुरेथेन गोंद वाळत नाही, तो ओलावा घेऊन पक्का होतो. म्हणून ओलावा न शोषणाऱ्या दोन थरांमध्ये पाण्याचा हलका फवारा मारतात. पाणी जास्त झालं तर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे होऊन जोड पोकळ राहतो.

प्रश्नकर्ता : मग 'व्हॅक्यूम बाँडिंग'ला 'निर्वात चिकटवण'?

प्रतिसाद : 'निर्वात-दाब जोडणी' म्हणा. यात गोंद लावलेल्या थरांवर हवाबंद आवरण घालून आतली हवा उपसतात. पोकळी चिकटवत नाही, बाहेरची हवा दाबते. आतला दाब 0.6 बारने उतरवला की दर चौरस मीटरवर सुमारे 6 टन भार येतो, आणि गोंद धरेपर्यंत तो सारखा राहतो. त्याऐवजी थर रोलरखालून काढले तर दाब क्षणभरच मिळतो, त्यामुळे तिथे लगेच पकडणारा, गरम करून लावायचा गोंद लागतो.

आणि 'गोंद' एवढंच लिहून सोडू नका, प्रकार सांगा. सनमायका चिकटवायचा सॉल्व्हंटवाला गोंद थर्माकोलला लागला तर थर्माकोल विरघळतो.