व्ही 650 लिटर आला म्हणजे डेटात घाण?

दुधनाकाठ
परवा लातूरच्या एका एम.फार्म.च्या पोरानं या फोरमवर विचारलं. मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन 500 मिग्रॅ, सहा व्हॉलंटियर, वन-कम्पार्टमेंट फिट (अख्खं शरीर एकच भांडं धरून रक्तातल्या आकड्यांवर बसवलेलं गणित), व्ही/एफ 650 लिटर (व्ही म्हणजे औषध किती लिटरमध्ये पसरलंय असं भासतं तो आकडा, एफ म्हणजे डोसचा रक्तात पोचणारा हिस्सा). काय चुकलं? वाळूजकरांचं उत्तर जसंच्या तसं देतो: "माणसाच्या अंगात पाणीच 42 लिटर. 650 म्हणजे डेटात घाण. व्हीला वरची मर्यादा 100 घाल, रन मार, पुढं जा." खाली लोकांचे धडाधड अंगठे. मला रात्री झोप नाही राव.

अहो, व्ही म्हणजे गच्चीवरची टाकी नव्हं. क्लोरोक्विनचा हजारो लिटरमध्ये जातो, तिथं कोण डेटा फेकून देतं? आणि तोंडावाटे दिलं की आपल्या हाती व्ही येतच नाही, व्ही/एफ येतो. मेटफॉर्मिनची जेमतेम निम्मी गोळी रक्तात पोचते, म्हणजे आकडा तिथंच दुप्पट झाला. बाकी सोडा, याच औषधाच्या माहितीपत्रकात 850 मिग्रॅच्या एका डोसला व्ही/एफ 654 अधिक-उणे 358 लिटर छापलंय. पोरगं छापील आकड्याला चार लिटरनं हुकलं, आन् तुम्ही त्याला घाण म्हणालात.

मर्यादा घातली की काय होतं ते मी स्वतः करून पाहिलं. मूळ फिट: केए (औषध शोषलं जाण्याचा वेग, दर तासाला) 0.9, केई (औषध बाहेर पडण्याचा वेग) 0.11, व्ही/एफ 650. 100 ची मर्यादा टाकली, सॉफ्टवेअर गुमान पलीकडच्या कुशीवर वळलं: केए 0.11, केई 0.9, व्ही/एफ 79.4. दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवले, केसाएवढा फरक नाही. सीएल/एफ (केई गुणिले व्ही/एफ, म्हणजे औषध साफ होण्याचा वेग, लिटर प्रति तास) दोन्हीकडं 71.5. फक्त हाफ-लाइफ 6.3 तासांवरून 46 मिनिटांवर आली. आता हे पोरगं प्रबंधात लिहिणार, मेटफॉर्मिन पाऊण तासात निम्मं होतं. व्हायव्हाला तुम्ही येणार का त्याच्या संगं?

वाळूजकर
चौदा वर्षं बायोइक्विव्हॅलन्स (दोन गोळ्या रक्तात सारख्याच उतरतात का, ती तपासणी) करतोय, माहितीपत्रक मला वाचून दाखवू नका. त्याच्या पहिल्या फाइलमध्ये व्ही 0.65 आला होता हे सोयीनं गाळलंत. डोस मिलिग्रॅममध्ये, रक्तातलं नॅनोग्रॅम प्रति मिलीमध्ये, एककं जुळवलीच नव्हती. तांब्याभर पाण्यात अख्खा माणूस बसवला होता त्यानं. हजारानं गुण म्हणून मीच सांगितलं. मग 650 बघून पुन्हा गोंधळला, म्हणून सोपा रस्ता दाखवला.

आणि मेटफॉर्मिनला फ्लिप-फ्लॉप (केए केईपेक्षा लहान) आहे हे सगळ्यांना माहीत आहे. आतड्यातून शोषणच हळू, शेवटचा उतार शोषणाचा. शिरेतून दिलेल्या अभ्यासांत व्ही 63 ते 276 लिटर आलाय. मग 79 बसतो की नाही? मर्यादेनं बरोबरच उत्तर दिलं.

दुधनाकाठ
बसत नाही! शिरेतला व्ही आहे, तुमचा व्ही/एफ आहे. एफ 0.55 धरून गुणा. 79 चे झाले 44, म्हणजे 63 च्या खाली. 650 चे झाले 357, म्हणजे 276 च्या वर. दोन्ही उत्तरं बाहेर. याचा अर्थ एक कम्पार्टमेंट या औषधाला पुरत नाही आणि नुसत्या गोळीच्या डेटावरून निवाडा होत नाही. फ्लिप-फ्लॉपचा मुद्दा खरा आहे, तेवढा दिला तुम्हाला. पण तुमचा आकडा लागला तो मटका लागतो तसा. त्यातही ओपन लागला, क्लोज नाही.

मोंढ्यातला
मी साधा केमिस्ट, 1998 चा बी.फार्म. एवढं भांडायलात, पण गोळी साधी होती का एसआर (औषध हळूहळू सोडणारी), हे कुणी विचारलं का? माझ्या काउंटरवर रोज एक-दोन माणसं एसआर घेऊन येतात, "घशात अडकती, कुटून देता का". कुटल्यावर कशाचं एसआर अन् कशाचं काय. डॉक्टर सांगत नाहीत, आम्ही सांगितलं तर म्हणतात तुम्हाला जास्त कळतंय. तुमचे केए-बिए कागदावर ठीक हायेत, खरं केए आमच्या खलबत्त्यात ठरतं.

वाळूजकर
एसआर नाही. एसआरचा टीमॅक्स (रक्तातली पातळी शिखराला पोचायची वेळ) 7 तासांच्या आसपास येतो, याच्या फिटचा 2.66 आहे. साधीच गोळी.

लातूर_पॅटर्न
सर, प्रश्न माझाच होता, साधीच आहे. अजून एक अडचण हाय. पाच जणांचं ठीक येतंय, पण सहा नंबरच्या व्हॉलंटियरचा केए 38 येतोय आणि स्टँडर्ड एरर (त्या आकड्याची अनिश्चितता) 900 टक्के. त्याचं पहिलंच सँपल सगळ्यात जास्त आहे. गाईड सर म्हणाले, आर-स्क्वेअर (फिट किती जुळला त्याचा आकडा) 0.99 आहे ना, मग कामून चिंता करायलास. डेटा कॉलेजमधल्या जुन्या स्टडीचा आहे, मी नव्हतो तेव्हा.

गोदाकाठची
केए 38 म्हणजे अर्धी गोळी एका मिनिटात रक्तात! तोंडात टाकली की पोचली. बाळा, त्या शीटवर सहाही जणांच्या वेळा 1.00, 2.00, 4.00 अशाच बरोब्बर आहेत का? आणि रक्त काढणारं माणूस किती?

लातूर_पॅटर्न
हो मॅडम, सगळ्यांच्या सारख्याच. एकच सिस्टर होत्या म्हणे.

गोदाकाठची
मग ऐका. मी पीएचडीला असताना अशाच एका स्टडीत स्वतः व्हॉलंटियर होते, नंबर सहा. दीडशे रुपये आणि इडली. गोळी सगळ्यांना एकदमच दिली. सिस्टर एक नंबरपासून सुरू झाल्या, तीन नंबरची शीरच सापडेना, दोनदा टोचलं, ते पोरगं चक्कर येऊन खाली. सगळे त्याच्याभोवती. माझ्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात 1 तास 22 मिनिटं झाली होती. शीटवर लिहिलं 1.00. लिहिलं नाहीच खरं तर, शीट आदल्या दिवशीच वेळांसकट छापून आली होती, फक्त टिक करायची होती.

22 मिनिटं उशिरा काढलेलं रक्त तासाच्या खान्यात टाकलं की मॉडेलला वाटतं औषध भर्रकन चढलं. 38 तिथून येऊ शकतो. आणि त्याचं पहिलंच सँपल सगळ्यात जास्त, म्हणजे चढणीवर एकही बिंदू नाही. तो डेटा एवढंच सांगतोय की केए मोठा आहे, 3 का 38 ते त्याला माहीतच नाही. ते 900 टक्के तेच ओरडून सांगायलेत.

वाळूजकर
सीआरओवर (औषध कंपन्यांसाठी चाचण्या करणाऱ्या संस्थांवर) शिंतोडे उडवायचे नाहीत. आमच्याकडं दर व्हॉलंटियरला दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं डोस देतात, त्याच क्रमानं रक्त काढतात, खरी वेळ मिनिटासकट लिहितात. उशीर झाला की डेव्हिएशन भरावं लागतं.

गोदाकाठची
सीआरओचं नाव कुणी घेतलं? मी कॉलेजचं सांगायले. खाजवायला लागलं का?

वाळूजकर
मॅडम, भाषा जपून.

शेळी_डॉक्टर
माणसं दंड तरी पुढं करतात. आम्ही उस्मानाबादी शेळ्यांना जंताचं औषध पाजून सँपलिंग केलं. बारा शेळ्या, दोन माणसं, आणि शेळीला वेळ सांगून चालत नाही. अर्ध्या तासाचं सँपल घ्यायला गेलो तर चार नंबरची कुंपणावरून पार शेवरीच्या शेंड्याला. डोस मिग्रॅ प्रति किलो, आणि वजन? काटा बंद. गडी म्हणाला, "साहेब, मी बाजारात नजरेनं सांगतो, 25 भरंल." काटा दुरुस्त झाल्यावर भरलं 31. चौथ्या हिश्श्यानं व्ही चुकला तो तिथंच, मॉडेलच्या आधी.

वरून अल्बेंडाझोल. रक्तात अल्बेंडाझोल जवळपास सापडतच नाही, सापडतं यकृतानं बनवलेलं त्याचं सल्फॉक्साइड. त्याच्यावर वन-कम्पार्टमेंट बसवलं तर त्या केएला शोषणाचा वेग म्हणायचं का यकृताचा? त्यात कोटीपोट, म्हणजे जठराचा पहिला मोठा कप्पा, औषध धरून ठेवतं, फ्लिप-फ्लॉप आमच्याकडं घरचाच पाहुणा. एखादीनं औषध गिळताना अन्ननलिकेची पन्हळ मिटली की कोटीपोट चुकवून सगळं पुढं. एकाच कळपात दोन तऱ्हेचे ग्राफ.

मोंढ्यातला
डॉक्टर, आता धाराशिवी म्हणा.

शेळी_डॉक्टर
जातीचं नाव उस्मानाबादीच हाय. जिल्ह्याचं बदललं, शेळीचं नाही.

मोंढ्यातला
शेळीनं अर्ज केला नसंल.

दुधनाकाठ
झालं! आता शेळीवर दोनशे प्रतिसाद येणार. मुद्द्यावर या. वाळूजकर, एवढं सांगा, मर्यादा घातल्यानं सहा नंबरचा 38 गेला असता का?

वाळूजकर
केएला मर्यादा 3 घातली असती तर 3 आला असता.

दुधनाकाठ
बरोब्बर 3.000?

वाळूजकर
हो, सीमेवर चिकटला असता. कळलं मला काय म्हणायचंय ते. बाउंडवर जाऊन बसलेला आकडा हा अंदाज नसतो, तो आपणच टाइप केलेला असतो. पण तुम्हीही ऐका. रोज पंधरा फाइल्स, संध्याकाळी रिपोर्ट. बायोइक्विव्हॅलन्समध्ये सीमॅक्स (रक्तातली कमाल पातळी) आणि एयूसी (ग्राफखालचं क्षेत्रफळ) मूळ गोळीच्या 80 ते 125 टक्क्यांत बसले की काम झालं, केए कुणी विचारत नाही. तिथली सवय मी पोराला शिकवली, हे मान्य. तुमच्यासारखं रात्रभर ग्राफ एकावर एक ठेवत बसायला आम्हाला पगार मिळत नाही.

दुधनाकाठ
मलाही मिळत नाही हो. बायको विचारायली, कुणासाठी जागायलात.

शेळी_डॉक्टर
शेवरीसाठी.

गोदाकाठची
बाळा, आता एवढं कर. सिस्टर अजून कॉलेजात असतील तर जाऊन भेट, कच्चं रजिस्टर असतं, त्यात कधी कधी खरी वेळ सापडते. सहा जणांना वेगवेगळं बसवू नकोस, एकत्र बसव, म्हणजे सहा नंबरला बाकीच्यांचा आधार मिळेल. आणि केए केईपेक्षा मोठा धरायचा का लहान, हे तू आधी ठरव आणि ठरवलंस असं लिही. सॉफ्टवेअरनं ठरवलं असं दाखवू नकोस.

लातूर_पॅटर्न
मॅडम, सिस्टरला भेटलो. रजिस्टर सापडलं नाही, पण त्या म्हणाल्या सहा नंबरचं पोरगं सुईला भिऊन बाथरूमात जाऊन बसलं होतं, अर्धा तास. सरांना सांगितलं. सर म्हणाले, बाथरूम प्रबंधात येत नसतं, सहा नंबर काढून टाक. मग विचारलं, व्ही/एफ 650 लिहू का 79. म्हणाले, जो फॉरमॅटच्या रकान्यात मावतो तो.

वाळूजकर
दोन्ही लिही. खाली सीएल/एफ 71.5 एकदाच. सर काही बोलले तर माझा नंबर दे.

दुधनाकाठ
वाळूजकर, तब्येत बरी हाय ना?