मदत हवी आहे: एस्केप दाबलं की स्क्रीन लगेच मागे जात नाही

नवघडी: अर्जंट आहे. पतसंस्थेसाठी टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, चालणारी पावती-एंट्री लिहिली आहे. एस्केप म्हणजे मागे. पण दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही. काउंटरवरच्या मॅडम वैतागून परत दाबतात, मग एकदम दोन स्क्रीन मागे आणि भरलेली पावती गायब. "टॅलीत असं होत नाही" म्हणतात. उद्या दाखवायचं आहे.

खटाटोपी: कशात लिहिलंय? विंडोज की लिनक्स? आम्ही काय ज्योतिषी आहोत?

डॉसकालीन: मुळात एस्केप कशाला? आयबीएमने १९८७ मध्येच सीयूए (सगळ्या प्रोग्रॅमना सारख्या कळा) नियमांत सांगून ठेवलंय, एफ१ मदत, एफ३ बाहेर. विषय संपला.

निवांत: असहमत. क्यू ठेवा. लेस, टॉप असे लिनक्समधले प्रोग्रॅम क्यूनेच बंद होतात.

डॉसकालीन: आणि कुरेशींचं खातं उघडताना पहिल्याच अक्षराला प्रोग्रॅम बंद?

निवांत: तुमच्या एफ-कळा तरी कुठे पोचतात? ग्नोम टर्मिनलमध्ये एफ१० दाबलं की त्याचाच मेनू उघडतो.

नवघडी: पायथन, कर्सेस (टर्मिनलवर स्क्रीन रचणारी लायब्ररी), लिनक्स. भांडण नंतर करा.

खटाटोपी: मग हे एनकर्सेसचं, म्हणजे लिनक्सवरच्या कर्सेसचं काम. बाणाची कळ दाबली की टर्मिनल तीन बाइट पाठवतं: आधी एस्केप, मग चौकटी कंस किंवा ओ, मग ए-बी-सी-डीपैकी एक. नुसता एस्केप आला तर तो खरा की बाणाची सुरुवात, हे कळायला मार्ग नाही. म्हणून वाट बघतं, मुळात १००० मिलिसेकंद. दुसरा एस्केप आला की पहिला लगेच सुटतो, म्हणून दोन स्क्रीन. पायथन ३.९ पासून कर्सेसमध्ये सेट_एस्कडिले आहे, ही वाट कमी करायला त्यात २५ द्या.

गावकूस: कॅप्स लॉकलाच एस्केप करून टाका. विम एडिटरमध्ये बोटांना आराम.

नवघडी: विमचं कोणी विचारलं? २५ केलं. फरक पडला, पण अजून अर्धा सेकंद अडतंय.

खटाटोपी: मध्ये टीमक्स (लाइन तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) आहे?

नवघडी: आहे ना. शाखेची लाइन तुटली तरी एंट्री राहावी म्हणून.

खटाटोपी: हे आधी सांगायचं! टीमक्सही तसंच थांबतं. ३.५ च्या आधी त्याचा एस्केप-टाइम, म्हणजे वाट बघायचा वेळ, ५०० मिलिसेकंद असायचा. १० करा. शून्य नको, लाइन रडकी असेल आणि बाणाचे बाइट तुटक आले तर 'वर' दाबल्यावर मागे जाल.

डॉसकालीन: पण न विचारता पावती फेकणारा एस्केप हवाच कशाला? टॅली निदान "क्विट? येस ऑर नो" विचारतं. अवांतर: फॉक्सप्रोत कंट्रोल-डब्ल्यूने सेव्ह व्हायचं, काय दिवस होते.

निवांत: बॅशच्या कमांड ओळीत त्याने मागचा शब्द उडतो, ब्राउझरमध्ये अख्खा टॅब.

नवघडी: १० ने चाललं, आभार. येस-नो पण टाकतो. आता मॅडमना सेव्हसाठी कंट्रोल-एस हवंय, आणि ते दाबलं की सगळंच गोठतंय.

खटाटोपी: कंट्रोल-एस टर्मिनलच पकडून स्क्रीन थांबवतं. कंट्रोल-क्यू दाबा, सुटेल. रॉ मोड (सगळ्या कळा थेट प्रोग्रॅमला) लावलाय की सीब्रेक (काही कळा टर्मिनलच पकडतं)?