जहाजाचं अंग आधी की आतडी आधी? (स्पेस इंजिनिअर्स)

करवीर कॅप्टन (धागाकर्ता)

आमच्या पोरांच्या सर्व्हरवर मोठ्या ग्रिडच्या जहाजांची स्पर्धा झाली आणि निकाल बघून डोकं फिरलं. पहिलं आलेलं जहाज म्हणजे एक लांबट खोकं. त्यावर जागा दिसेल तिथं अँटेना, पाइप, जाळ्या, व्हेंट आणि दिवे. जवळून स्क्रीनशॉट काढला की भारी दिसतं. अर्धा किलोमीटर मागं गेलं की लग्नातल्या बँडची गाडी चाललीय असं वाटतं.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्पेस इंजिनिअर्स हा प्रागच्या कीन सॉफ्टवेअर हाउसचा गेम. 2013 पासून खेळायला मिळतोय, 2019 मध्ये पूर्ण स्वरूपात आला. ठोकळे जोडून जहाज बांधायचं. मोठ्या ग्रिडचा ठोकळा अडीच मीटरचा, लहान ग्रिडचा अर्ध्या मीटरचा.

माझं म्हणणं सरळ आहे. बाहेरचा आकार आधी ठरवा. नुसतं हलकं आर्मर (बाहेरच्या पत्र्याचे ठोकळे) घ्या, एकच करडा रंग ठेवा, आणि बाजूनं, वरून, समोरून असं तिन्हीकडून अंग उभं करा. मग सूर्य जहाजाच्या मागं येईल असं उभं राहून नुसती काळी आकृती बघा. ती ओळखू येत नसेल तर पुढचं सगळं रंगकाम आणि नक्षी फुकट. आपला कोल्हापूरचा न्यू पॅलेस घ्या. चार्ल्स मँटनं आराखडा केला, 1884 ला बांधून झाला. कसबा बावड्याच्या रस्त्यानं येताना झाडांच्या वर तो अष्टकोनी मनोरा दिसला की पुढं काय आहे ते कळतं, कमानी आणि जाळ्या नंतर दिसतात. मला जहाजातही तेच पाहिजे.

दुसरं, सगळीकडं 45 अंशांचा उतार मारणं बंद करा. दोन ठोकळ्यांत एक ठोकळा चढणारा उतार गेममध्ये आहेच, तो 26 अंशांच्या आसपास पडतो. लांब पाठ त्यानं घ्या आणि 45 चा फक्त नाकाला ठेवा. दोन वेगळे कोन शेजारी आले की प्रकाश वेगवेगळा पडतो आणि तिथंच जहाजाला अंग येतं. बारीकसारीक सामान जिथं काही काम चालतं तिथंच लावा: हँगरचं तोंड, थ्रस्टरची (जहाज ढकलणाऱ्या इंजिनाची) कड, तोफेचा पाया. बाकी पत्रा मोकळा सोडा.

बोला आता.

उद्यमनगरचा फिटर

कॅप्टन, तुझं जहाज बघितलंय मी. देखणं हाय, वाद न्हाई. पण ब्रेक कुठंयत त्याला? मागं चार मोठे थ्रस्टर आणि नाकात दोन बारके. शंभर मीटर सेकंदाच्या वेगानं येतंय आणि थांबायला दुसरा जिल्हा लागतोय. आकार आधी ठरवला की हेच होतं. नाक टोकदार पाहिजे म्हणून ब्रेकला जागाच उरत न्हाई.

मी फाउंड्रीत पॅटर्नचं काम करतो. कास्टिंगचं बाहेरचं रूप कोण ठरवत असेल सांग? मातीतून पॅटर्न न तुटता वर यावा म्हणून बाजूंना ढाळ द्यावा लागतो. कोपरा चौकोनी ठेवला तर थंड होताना तिथं चीर जाते म्हणून गोलाई. एका जागी जाड आणि शेजारी एकदम पातळ केलं तर जाड जागा शेवटी थिजते आणि आत पोकळी धरते. मजबुती पाहिजे तर जाडी वाढवायची न्हाई, रिब द्यायची. हे सगळं केल्यावर जे तयार होतं ते ऑइल इंजिनचं ब्लॉक. कुणी बसून 'देखणं करूया' म्हटलेलं न्हाई, तरी बघत राहावंसं वाटतं.

तसंच जहाज. सहाही दिशांना थ्रस्ट पाहिजे, टाक्या, रिॲक्टर, कार्गो, जहाज वळवणारे जाइरो पाहिजेत. ते आधी मांड. त्यावर कातडं चढव. फुगवटे आपोआप येतील आणि ते खरे असतील.

करवीर कॅप्टन

फिटरदादा, कास्टिंगचं पटलं, पण ते नियम या गेममध्ये लागूच नाहीत. थ्रस्टर जहाजाच्या कुठल्याही कोपऱ्यात लावा, जोर वस्तुमानाच्या मध्यावरच धरला जातो. सगळे डाव्या पंखात ठेवले तरी जहाज गरगरत नाही. मग आतल्या मांडणीनं बाहेरचा आकार ठरवायचं कारणच काय राहिलं? खऱ्या यंत्रात जे बंधन आहे ते इथं गेमनं काढूनच टाकलंय. ती मोकळीक वापरायची सोडून आपण खोकी का बांधायची?

उद्यमनगरचा फिटर

आयनला चालतंय ते. आयन आणि वातावरणी थ्रस्टरला नुसती वीज लागते आणि ती जोडलेल्या कुठल्याही ठोकळ्यातून जाते. हायड्रोजनला टाकीपासून कन्व्हेअर, म्हणजे नळी, न्यावी लागते मर्दा. तुझ्या त्या पातळ पंखाच्या टोकाला हायड्रोजन लाव म्हटलं तर नळी कुठनं नेशील? पंख एक ठोकळा जाड. नळी घातली की आर्मर गेलं, आर्मर ठेवलं की नळी न्हाई. आणि पृथ्वीसारख्या ग्रहावर जमिनीजवळ आयन जेमतेम 20 टक्के जोर देतंय. म्हणजे उतरायचं म्हटलं की हायड्रोजन न्हाईतर वातावरणी. मोठं वातावरणी थ्रस्टर पाच ठोकळे लांब असतं. दडव की कुठं दडवतोस ते.

शिरोळची स्क्रॅपवाली

तुम्ही दोघं क्रिएटिव्ह मोडमध्ये बसून गप्पा मारताय, ठोकळे फुकट. जरा सर्व्हायवलमध्ये या. हलक्या आर्मरच्या एका मोठ्या ठोकळ्याला 25 स्टील प्लेट लागतात, वजन 500 किलो. जड आर्मरला 150 प्लेट आणि वर 50 मेटल ग्रिड, 3300 किलो. कॅप्टनच्या जहाजाची ती सुंदर पाठ जड आर्मरमध्ये केली तर लोखंड खणताखणता म्हातारी होईन.

माझं जहाज खोकंच आहे आणि मला त्याची लाज नाही. तेवढ्याच जागेला नाक-पंखांच्या जहाजापेक्षा खोक्याला कातडं कमी लागतं. नाक टोकदार, पंख, शेपटी, सगळ्याला कातडं वाढतं, आणि आत कोपरे असे पडतात की तिथं काही बसत नाही. मला लागतं ते समोर जड आर्मर, बाकी हलकं, आणि दोन थरांत एक ठोकळा रिकामा.

करवीर कॅप्टन

उताराच्या ठोकळ्याला 13 च प्लेट लागतात ताई, अख्ख्याच्या निम्म्या. तिरकं केलं म्हणून महाग पडत नाही.

शिरोळची स्क्रॅपवाली

आणि टिकतोही तेवढाच कमी. निम्म्या पैशात निम्मी भिंत मिळाली, स्वस्त कुठं झालं?

पेठेतला गोलकीपर

भावांनो आणि ताई, एवढं वाचून मी ठरवलं की आपलं जहाज गुलाबी करायचं. आकार काय का असेना, लांबून ओळखू येतंय. इषय संपला.

गारगोटीच्या बाई

मी विज्ञान शिकवते, आणि माझा मुलगा हा गेम खेळतो म्हणून रात्री शेजारी बसून बघते. तुमच्या वादात एक गोष्ट कुणीच बोललं नाही. नाक टोकदार कशासाठी?

23 ऑगस्ट 2023 ला चंद्रावर उतरलेला विक्रम लँडर आठवा. पेटी, चार पाय, बाजूंना सौर पट्ट्या, सोनेरी वेष्टन. त्याला नाक नाही, कारण चंद्रावर हवा नाही. पृथ्वीच्या हवेतून वर जाताना तो रॉकेटच्या टोपणात बंद होता, त्यामुळं हवेशी झुंजायचं काम टोपणानं केलं. अपोलोचं चांद्रयानही असंच वेडंवाकडं होतं, समोरून बघितलं तर किडा वाटावा. माणसं बसायची त्या भागाचा पत्रा काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ होता. आणि हवेतून परत येणाऱ्या यानाला तर टोकदार नाक घातकच. 1950 च्या दशकात अमेरिकेत ज्युलियन ॲलन यांनी दाखवलं की बोथट तोंड हवेला पुढं ढकलतं, धक्क्याची लाट अंगापासून लांब उभी राहते आणि बरीचशी उष्णता बाहेरच्या हवेत जाते. म्हणून परतीच्या कुप्या बोथट असतात.

तुमच्या गेममध्ये तर ग्रहावरसुद्धा हवेचा विरोध धरलेला नाही. मग विमानाचं नाक आणि पंख हे नुसतं नाटक झालं. फिटर म्हणतात तसं काम आधी ठेवलं तर जहाज लँडरसारखं दिसायला पाहिजे, आणि मला ते सुंदर वाटतं.

करवीर कॅप्टन

बाई, नमस्कार. नाटक आहे हे मान्यच आहे, मी नाटकाच्याच बाजूनं बोलतोय. पण विक्रम बघून तो काय करणार हे कळतं की नाही? पाय आहेत म्हणजे उतरणार, पट्ट्या आहेत म्हणजे उन्हावर चालणार. मला जहाजाच्या आकृतीतून तेवढंच पाहिजे: हे माल वाहतं, हे लढतं, हे खाण खणतं. त्याला नाकच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. स्क्रॅपवाल्या ताईंचं खोकं लांबून बघितलं तर ते जहाज आहे, कारखाना आहे की गोदाम, काही कळत नाही. माझी तक्रार तिथं आहे.

शिरोळची स्क्रॅपवाली

दुश्मनालाही कळत नाही. बरंच आहे की.

खिद्रापूर एक्सप्रेस

बँडची गाडी माझी. पहिला नंबर माझाच, आणि परत स्पर्धा झाली तरी माझाच येईल.

कॅप्टन, तू न्यू पॅलेस सांगितलास, मी कोपेश्वर सांगतो. बाराव्या शतकातलं शिलाहारांच्या काळातलं देऊळ, आमच्या गावात कृष्णेच्या काठावर. बाहेरच्या भिंतीवर मोकळी जागा शोधून दाखव. खाली हत्तींची रांग, वर मूर्ती, कोनाडे, थरावर थर. तुझ्या हिशोबानं तिथल्या कारागिरांनी निम्मं काम काढून टाकायला पाहिजे होतं. भिंत भरलेली आहे म्हणूनच माणूस तिथं तासभर फिरतो. तुझं जहाज एका नजरेत संपतंय रे. स्पर्धेत लोक जहाजाभोवती फिरत होते तेव्हा तुझ्याजवळ कोण किती वेळ थांबलं ते मी बघितलंय.

आणि अर्ध्या किलोमीटरवरून कोण बघतंय? आपण सगळे जेटपॅक लावून पत्र्याला चिकटूनच फिरत असतो.

करवीर कॅप्टन

कोपेश्वराचं नाव काढलंसच तर नीट बघ. हत्ती कुठं आहेत? तळाला. अख्ख्या देवळाचं ओझं पाठीवर घेतल्यासारखे. ते वर शिखराजवळ कुणी चिकटवले नाहीत. भिंत मुळात सरळ नाहीच, कोन काढत पुढंमागं होत जाते, त्यामुळं एका अंगावर ऊन आणि शेजारच्या अंगावर सावली पडते. मूर्ती त्या घड्यांमध्ये बसवल्यात. आणि स्वर्गमंडपात जा. 48 खांब, आणि मधोमध वर छतच नाही, गोल आभाळ मोकळं सोडलंय. इतकं कोरणाऱ्या माणसांना हात कुठं थांबवायचा हे माहीत होतं.

तुझ्या जहाजाची भिंत सपाट आहे आणि वर सामान ठोकलंय. अँटेना नऊ. एक चालू आहे. भिंत एक ठोकळा आत घे, अडीच मीटरची खाच पडू दे, बघ सावलीच किती काम करते. या गेममध्ये अंतराळात ऊन एकाच बाजूनं येतं आणि कडक येतं, त्यामुळं खाच जेवढी उठून दिसते तेवढा पाइप दिसत नाही.

खिद्रापूर एक्सप्रेस

खाच केली की आतली खोली एक ठोकळा बारीक होते. माझ्या जहाजात बंक, स्वयंपाकघर, दवाखाना सगळं आहे. तुझ्या जहाजात शिरायला गेलो तर पहिल्याच दारात डोकं आपटलं. नऊ अँटेनांचं मान्य, दोन काढतो.

कागलचा बारका

एक्सप्रेसदादा, तुझं जहाज जवळ आलं की माझा कॉम्प्युटर रडायला लागतो. दिवे तरी कमी कर. माझं मत कॅप्टनला, कारण त्याचं जहाज आल्यावर गेम चालतो.

उद्यमनगरचा फिटर

बारक्या, हे खरं कामाचं बोललास.

आता माझं ऐका, मी कॅप्टनच्या नाकावर काल बसून बघितलं. ब्लूप्रिंट त्यानंच दिली होती. नाक तसंच ठेवलं. त्याच्या मागं, जिथं अंग रुंद होतं तिथं, दोन्ही बाजूंना तीन बाय तीनची भोकं पाडली आणि मोठे हायड्रोजन थ्रस्टर समोर तोंड करून आत बसवले. अडचण ज्वाळेची. समोर स्वतःचा ठोकळा आला की थ्रस्टर तो जाळून टाकतंय, म्हणून भोकापासून पुढं नाकापर्यंत दोन्ही बाजूंनी सरळ चर मोकळा सोडावा लागला. नळी मधल्या मार्गिकेच्या खालून घेतली. आता थांबतंय झ्याक. आणि समोरून बघितलं तर त्या दोन चरांमुळं जहाजाला गालफडं आलीत. आधीपेक्षा रागीट दिसतंय. माझ्या मते हे कामातनं आलेलं रूप हाय.

करवीर कॅप्टन

बघितलं. गालफडं आवडली. पण दादा, रुंदी कुठं सुरू होते ते माझ्या आकृतीनं ठरवलेलं होतं म्हणून तुम्हाला भोकं पाडायला जागा मिळाली. नळीपासून सुरुवात केली असती तर तिथं सपाट भिंत असती आणि थ्रस्टर बाहेर लोंबकळले असते. डावा चर नाकाजवळ एक ठोकळा उथळ आहे, तिथं पत्रा काळा पडतोय, तेवढा खोल करा.

उद्यमनगरचा फिटर

काळा पडतोय तो मुद्दाम ठेवलाय. न्हाई, चेष्टा करालोय, करतो खोल. पण जागा आकृतीनं दिली हे मी मानत न्हाई. ब्रेकला किती ठोकळे लागतात हे आधी धरलं असतंस तर मला कटर घेऊन आत शिरायची वेळच आली नसती.

गारगोटीच्या बाई

मुलगा विचारतोय की त्या चरात माणूस अडकला आणि कुणी ब्रेक दाबला तर काय होतं?

पेठेतला गोलकीपर

मरतो, बाई. मी करून बघितलंय.

खिद्रापूर एक्सप्रेस

चरात दोन्ही बाजूंनी लाल दिवे लावा.

करवीर कॅप्टन

नाही.