लिफ्ट केलेल्या पिकअपचे हेडलाइट : डायल फिरवून भागतं की भिंतीवर सेट करायलाच हवेत?

घोडबंदरकर
घोडबंदर रोड असो की ठाणे-बेलापूर रोड, रात्री लिफ्ट केलेली, म्हणजे सस्पेन्शन उंच केलेली पिकअप किंवा थार समोरून आली की डोळ्यांपुढे अंधारी येते. माझं स्पष्ट मत : हेडलाइट सेट झाल्याशिवाय लिफ्टचं काम पूर्ण धरूच नये, गॅरेजने ते बिलातच लावावं. ‘डॅशबोर्डवरचा हेडलाइटचा डायल २ वर ठेवा, झालं’ हा सल्ला चुकीचा आहे. डायल मागे लोड पडल्यावर दिवे खाली आणण्यासाठी असतो. तो लिफ्टसाठीच खर्ची घातला, तर हौद्यात माल भरल्यावर खाली आणायला काय उरलं?

पामबीच ४x४
डायलबद्दल सहमत, बाकी नाही. चारही चाकांवर सारखी ५ सेंमी लिफ्ट असेल तर गाडीचा कल बदलत नाही, त्यामुळे झोताचाही बदलत नाही. ९५ सेंमीवरचा दिवा १०० वर गेला, झोत तेवढाच वर सरकला. ज्याला हात लावायची गरज नाही तो हेडलाइट सेटिंगचा स्क्रू लोक फिरवतात, लाइट पार बंपरसमोर पाडून घेतात आणि मग अंधार भरून काढायला एलईडी बार लावतात. त्याचा त्रास जास्त.

तुर्भे वर्कशॉप
सारखी लिफ्ट असेल तर बरोबर. पण पिकअपला बहुतेक वेळा फक्त पुढून स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) पडतो, कारण मागचे पाटे मुळातच उंच असतात. खरी गडबड तिथे होते. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) साधारण ३.१ मीटर, पुढून ५ सेंमी वर, म्हणजे कल १.६ टक्क्यांनी बदलला. झोत मुळात १ टक्का, म्हणजे १० मीटरला १० सेंमी खाली होता, तो आता ०.६ टक्का वर चाललाय. २५ मीटरवर तो दिव्यापेक्षा १५ सेंमी उंच, म्हणजे हॅचबॅकवाल्याच्या थेट डोळ्यांत. आणि स्पेसरची जाडी म्हणजे लिफ्ट नव्हे. पुढच्या स्ट्रटवर (स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीवर) २५ मिमीचा स्पेसर टाकला तर चाकाशी जवळपास दुप्पट फरक पडतो. म्हणून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप कामाआधी आणि नंतर, पुढे-मागे दोन्हीकडे घ्या.

सेटिंग असं करा. टायरची हवा कंपनीच्या आकड्याला, टाकी निम्मी, ड्रायव्हर सीटवर माणूस, डायल ० वर. जागेचा उतार पुढच्या चाकाशी, मागच्या चाकाशी आणि भिंतीशी गवंड्याच्या लेव्हल पाइपने तपासा. गाडीखालची जमीन एका उताराची आणि भिंतीकडची दुसऱ्या असेल, तर १० मीटरवर १० सेंमीची चूक सहज होते, आणि ती चूक म्हणजे अख्खा १ टक्का. दिव्यापासून भिंत १० मीटर. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर एक चिकटपट्टी, तिच्या खाली दुसरी. दुसऱ्या दिव्यापुढे पुठ्ठा धरा. हॅलोजनवर कापड टाकून ठेवू नका, प्लास्टिकची काच तापते. कट-ऑफचा (झोताच्या वरच्या उजेड-अंधाराच्या कडेचा) उजवीकडचा सपाट भाग खालच्या पट्टीवर आणा. डावीकडे झोत वर चढतो, तो फुटपाथच्या बाजूसाठी असतो, तसाच राहू द्या. स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. जुन्या युनिटमध्ये प्लास्टिकचा गिअर कडक झालेला असतो, जोर केला तर दाते जातात. शेवटी बॉनेट दोन-तीनदा दाबून गाडी हलवा आणि पुन्हा बघा. नवीन स्प्रिंग काही शे किलोमीटरनंतर बसतात, तेव्हा परत तपासणी.

कळवा नाका
खालची पट्टी किती खाली, हाच तर वादाचा मुद्दा आहे. दिवा १ मीटरच्या वर गेला तर युरोपीय नियमात सुरुवातीचं सेटिंग १.५ ते २ टक्के खाली असतं, १ टक्का नव्हे. म्हणून पामबीच साहेब, सारख्या लिफ्टलाही सूट नाही. १०५ सेंमीवरचा दिवा १ टक्क्यावर ठेवला तर ५ मीटर पुढे झोत १ मीटरवर असतो, म्हणजे सिग्नलला उभ्या छोट्या गाडीच्या साइड मिररमध्ये.

पामबीच ४x४
मग रेंजचं काय? १०५ सेंमीवर १.५ टक्के म्हणजे ७० मीटर, २ टक्के म्हणजे जेमतेम ५२. पावसात ताशी ८० ला थांबायला ९५ मीटर सहज लागतात.

कळवा नाका
पावसात लो बीमवर ८० ने जायचंच कशाला? ६० ला ओल्या रस्त्यावर साधारण ६० मीटर लागतात, ७० त्यात बसतात. मी २ म्हणत नाही, १.५ म्हणतोय, म्हणजे पट्टी १५ सेंमी खाली. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ बघा : ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, दीड मीटर उंचीवर डोळा असेल तर तो दिपता कामा नये. आणि मूळ रचनेत बदल केला म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू शकतं, हेही लिफ्ट करणाऱ्याने आधी समजून घ्यावं.

पामबीच ४x४
दिवा १ मीटरच्या वर असेल तर १.५ मान्य. त्याखाली सारख्या लिफ्टला कंपनीचंच सेटिंग ठेवावं, यावर मी ठाम आहे.

तुर्भे वर्कशॉप
एक राहिलं. एच४ (हॅलोजन बल्बचा एक प्रकार) च्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला असेल तर आधी तो काढा. त्याची चिप फिलामेंटच्या जागी बरोबर बसली नाही तर कट-ऑफ फाटतो, आणि मग कोणत्या कडेवर सेटिंग करणार? बाहेरून मागवलेलं युनिट असेल तर झोत कोणत्या बाजूला चढतोय तेही बघा. उजवीकडे चढत असेल तर ते आपल्या रस्त्याचं नाही, कितीही स्क्रू फिरवा.