फॉरमॅट मारलं, विंडोज सुधारली, नेट गेलं! अनुभव लिहा

विंडोज दुरुस्त झाली, कॉम्प्युटर पळायला लागला आणि नेट मात्र गायब, असं ज्यांचं झालंय त्यांनी इथे लिहा. घटना छोटी असली तरी चालेल, फक्त शेवटी नेट कशाने आलं ते नक्की सांगा.

सुरुवात मी करतो. भावाचा लॅपटॉप उठसूट निळा स्क्रीन दाखवायचा म्हणून कॉलेज रोडला एका दुकानात टाकला, त्यांनी विंडोज नव्याने टाकून दिली, घरी आणला तर कोपऱ्यात वायफायचं चिन्हच नाही, नुसता पृथ्वीचा गोळा. दुकानात फोन केला तर म्हणे ड्रायव्हर (वायफायचं कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नेटवरून उतरवून घ्या. आता नेट असतं तर ड्रायव्हर कशाला मागितला असता राव! शेवटी मोबाइल कामी आला. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडला, सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावरच 'यूएसबी टेदरिंग' असतं ते चालू केलं, विंडोजने फोनलाच नेटवर्क कार्ड मानलं आणि नेट सुरू. मग विंडोज अपडेटला लावून दिलं, वायफायचा ड्रायव्हर आपोआप उतरला. केबल डेटावाली पाहिजे बरं का, नुसती चार्जिंगची असेल तर तो पर्याय दाबलाच जात नाही. आणि फोन घरच्या वायफायवर ठेवला तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, सिमचा डेटा जळत नाही.

सातपूरचा फिटर
अपडेटने ड्रायव्हर सापडला नाही तर काय, ते मी सांगतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अदर डिव्हाइसेस' खाली पिवळा त्रिकोण घेऊन 'नेटवर्क कंट्रोलर' बसलेला असतो. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, तिथे 'हार्डवेअर आयडीज' निवडा. व्हीईएन अक्षरांच्या पुढे १०ईसी दिसलं तर चिप रिअलटेकची, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, ८०८६ म्हणजे इंटेल (१९७८ च्या प्रोसेसरचाच नंबर, हौशी लोक). मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकून त्याच चिपचा ड्रायव्हर घ्यायचा. ते 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' वाले सॉफ्टवेअर टाकू नका, एक ड्रायव्हर देतात आणि सोबत चार नको त्या वस्तू घरात घुसवतात.

सिडकोची ताई
आमच्याकडे गल्लीतल्या केबलवाल्याचं नेट आहे आणि राउटर नव्हता, वायर सरळ सीपीयूच्या मागे. मुलाने विंडोज १० टाकली, लॅनचा दिवा लुकलुकतोय, ड्रायव्हर व्यवस्थित, पण एकही साइट उघडेना. पोरगं दोन दिवस यूट्यूब बघून कमांड मारत बसलं. मग लक्षात आलं की आधी डेस्कटॉपवर 'ब्रॉडबँड कनेक्शन' नावाचं चिन्ह होतं, रोज त्यावर क्लिक करून नेट लावायचो, तेच फॉरमॅटमध्ये उडालं. नेटवर्क सेटिंगमध्ये नवीन कनेक्शन, त्यात पीपीपीओई (म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन लावायचं ब्रॉडबँड), युजरनेम पासवर्ड केबलवाल्या दादाला विचारून घेतला आणि झालं. पासवर्डात चूक झाली की ६९१ एरर येते, आणि ६५१ आली तर बहुतेक वायर किंवा पलीकडचा स्विच बघायचा. आता राउटर घेतलाय, पासवर्ड त्याच्यातच भरलाय, कॉम्प्युटर कितीही वेळा पुसा.

विजेचा मारा
ताई, त्यात अजून एक भानगड असते. आमचा लॅन पोर्ट पावसाळ्यात विजेने गेला, रिपेअरवाल्याने विंडोज पण सुधारली आणि बाहेरून यूएसबी लॅन कार्ड लावून दिलं. पासवर्ड बरोबर, तरी जोडेना. ऑपरेटरकडे आपल्या कार्डाचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा ओळख क्रमांक) बांधलेला असतो, कार्ड बदललं की त्यांच्यासाठी आपण परके. फोन करून 'मॅक रीसेट करा' एवढंच म्हणायचं, पाच मिनिटांचं काम.

अंबड अकाउंट्स
आमच्या एमआयडीसीतल्या ऑफिसात टॅलीवाल्या मशीनवर असंच झालं. वायफाय नाही, सगळं लॅन, आणि आयपी (नेटवर्कवरचा प्रत्येक मशीनचा पत्ता) हाताने दिलेले. विंडोज दुरुस्त केल्यावर ते सेटिंग 'ऑटोमॅटिक' वर गेलं. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाकून बघा, १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर आला की समजायचं, मशीनने पत्ता मागितला पण कोणी दिलाच नाही म्हणून तिने स्वतःच एक घेतलाय. शेजारच्या मशीनवरून सबनेट, गेटवे, डीएनएस बघून भरलं. आयपीचा शेवटचा आकडा मात्र वेगळा ठेवा, नाहीतर दोघांचं भांडण लागतं आणि मग शेजारचाही ओरडत येतो. घरी राउटर असताना हाच नंबर आला तर आधी वायर आणि राउटर तपासा, आणि सर्व्हिसेसमध्ये 'डीएचसीपी क्लायंट' (राउटरकडून पत्ता मागणारी सेवा) चालू आहे का तेही.

नाशिकरोडचे आजोबा
माझ्या कॉम्प्युटरातला व्हायरस नातवाने काढला. त्यानंतर व्हॉट्सॲप नाही, पेपर नाही, ब्राउझर म्हणे प्रॉक्सी सर्व्हर (नेटवर जाताना मध्ये बसणारा मध्यस्थ) उत्तर देत नाही. व्हायरस गेला पण जाताना प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये १२७.०.०.१ लिहून गेला, म्हणजे ब्राउझर स्वतःच्याच घराचं दार वाजवत बसलेला. सेटिंग, नेटवर्क, प्रॉक्सी, तिथलं बटण बंद. पिंग जातंय आणि साइट उघडत नाही असं असेल तर हे आधी बघावे.

पिंपळगाव पॅकहाउस
आमची घाई म्हणजे ग्रेपनेटवर (द्राक्ष निर्यातीच्या नोंदीची सरकारी साइट) माहिती भरायची होती, कंटेनर थांबलेला. पीसी दुरुस्तीहून आला, वायफाय जोडलेलं, सिग्नल फुल, पण प्रत्येक साइटवर 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही'. मी नेटवाल्याशी भांडायच्या तयारीत, तेवढ्यात पॅकिंगवरच्या एका मुलीने घड्याळ दाखवलं. तारीख कितीतरी वर्षं मागची! मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला, मशीन उघडून वायर काढली की तारीख मागे जाते आणि साइटचं सर्टिफिकेट (तिचं मुदतीचं ओळखपत्र) ब्राउझरला अजून सुरूच न झालेलं वाटतं. तारीख नीट केली, साइट उघडली, सेल दुसऱ्या दिवशी बदलला. अगदी स्वस्तातली वस्तू, पण घाम काढला.

मुक्त विद्यार्थी
विंडोज ११ टाकताना 'नेटवर्कशी जोडा' वर अडकलो होतो, पुढचं बटण दबतच नाही, आणि वायफाय दिसत नाही कारण ड्रायव्हर नाही. शिफ्ट एफ१० वाली युक्ती (कमांडची खिडकी उघडून नेटची पायरी टाळायची) सगळे सांगतात, नव्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्ट ती काढत चाललंय. वरचं यूएसबी टेदरिंग तिथेही चाललं. धन्यवाद दादा.

जुनं खोड
आमच्या वर्कशॉपला अजून विंडोज ७ आहे, मशीनचं सॉफ्टवेअर पुढे चालत नाही, त्यामुळे उपदेश नको. नव्याने टाकली तर नेट नाही आणि ड्रायव्हरचा पेन ड्राइव्हही दिसेना. ७ ला यूएसबी ३ मुळात कळतच नाही. निळ्या पोर्टातून काढून काळ्यात लावला, लगेच दिसला. सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय, म्हणून ड्रायव्हर टाकून झाल्यावर नेटची वायर काढूनच ठेवली.

गंगापूर रोड
माझं तर वेगळंच. विंडोज रिपेअर केली, नेट गेलं, ड्रायव्हर काढला घातला, नेटएसएच विनसॉक रीसेट (विंडोजचं नेटवर्क सेटिंग मूळ स्थितीत आणणारी कमांड) पण मारलं (ड्रायव्हर नसेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही, असेल तर मारून बघायला हरकत नाही). शेवटी बायको म्हणाली, माझ्या फोनवर पण नेट नाहीये. राउटरजवळच्या डबीवर एलओएसचा (फायबरचा सिग्नल येत नाही सांगणारा) लाल दिवा. सिंहस्थासाठी बाहेर रस्ता खोदलाय, तिथे फायबर तुटलेली.

सातपूरचा फिटर
हाहा. फॉरमॅट करायच्या आधी एवढं करा सगळ्यांनी: ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयूटिलची एक्सपोर्ट-ड्रायव्हर कमांड, सगळे बाहेरचे ड्रायव्हर एका फोल्डरात निघतात, पेन ड्राइव्हवर ठेवायचे.

सिडकोची ताई
पण विंडोज चालूच होत नसेल तर कमांड कुठे मारणार भाऊ?

सातपूरचा फिटर
मग ताई, डिस्क न पुसता वरूनच नवी विंडोज टाकायची. सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज.ओल्ड' फोल्डर राहतं, त्यात विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हरस्टोअर, तिथे जुने ड्रायव्हर असतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अपडेट ड्रायव्हर, 'ब्राउज माय कॉम्प्युटर', ते फोल्डर दाखवायचं. लवकर करा फक्त, दहाएक दिवसांनी विंडोज ते स्वतःच उडवते.