माहिती हरवते, पण मेख वेगळीच आहे

शा-२५६ (SHA-256) म्हणजे कुठल्याही मजकुरापासून ठरावीक लांबीचा ठसा, म्हणजे ‘हॅश’, काढायची पद्धत. तिच्या सगळ्या पायऱ्या जाहीर आहेत, मग त्या उलट्या क्रमाने चालवून मूळ मजकूर का काढता येत नाही, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर दिलं जाणारं ‘माहिती हरवते म्हणून’ हे उत्तर मात्र अर्धवट वाटतं. चार जीबीचा सिनेमा घाला नाहीतर ‘अ’ हे एक अक्षर, बाहेर २५६ बिटच (शून्य किंवा एक असे आकडे) येतात, हे खरं. पण १२ ने भागून नुसती बाकी ठेवली तरी माहिती हरवतेच की! तरी बाकी ३ उरेल अशी संख्या मी झोपेतही सांगेन: १५, २७, हवी ती घ्या.

खरी मेख ढवळण्यात आहे. मजकुराचा एक बिट बदला, ढवळण्याच्या ६४ फेऱ्यांनंतर उत्तरातले साधारण निम्मे बिट पालटतात. त्यामुळे ‘जवळ आलो’ हे कळायची सोयच नाही. अर्थात, उलटा रस्ता नाहीच असं गणिताने सिद्ध झालेलं नाही. आजवर कुणाला सापडलेला नाही, इतकंच.

पण उलटा रस्ता सापडलेला नाही म्हणून मोबाइल नंबर नुसता हॅश करून ‘सुरक्षित’ म्हणू नका. दहा आकडे म्हणजे जास्तीत जास्त हजार कोटी शक्यता. एखादं चांगलं ग्राफिक्स कार्ड त्या सगळ्या काही सेकंदांत तपासून मोकळं होतं, उलटं काही न चालवता.